पेडण्याच्या किनाऱ्यावर इटालियन जेवण

मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल: गोव्याच्या पेडणे तालुक्याची ही किनारपट्टी पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधीच टेबल धरावं. हरमलला समुद्राकडे जाणाऱ्या गल्लीतलं ‘फेलिनी’ हे इथल्या इटालियन जेवणाचं जुनं नाव.

पिझ्झा लाकडाच्या भट्टीतलाच मागवा. नेपल्सच्या पद्धतीत भट्टी सुमारे ४५० अंश सेल्सिअसवर तापते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत होतो. पिझ्झा करण्याच्या या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. पण मला या किनाऱ्यावर खरी ओढ शिंपल्यांच्या स्पॅगेटीची. इटलीत ज्यांना ‘वोंगोले’ म्हणतात, त्या आपल्या तिसऱ्यांच्याच जातकुळीतल्या. तिथे त्या लसूण, ऑलिव्ह तेल आणि पांढऱ्या वाइनमध्ये उघडतात, इथे घराघरांत ओल्या खोबऱ्यात. दोन्हीकडे शिंपल्यांचं खारट पाणी हाच रसाचा प्राण.

हंगाम नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात वाळूवरचे शॅक उतरवलेले असतात. मोरजी-मांद्रेला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री वाळूवर टॉर्च लावू नका. विमानाने यायचं तर मोपाचा विमानतळ याच तालुक्यात आहे.