रुग्णाला विचारावे कसे?

उज्जैनच्या फ्रीगंज भागात टावर चौकाजवळ माझी मावशी राहते. शिंदे सरकारच्या काळापासून या शहरात मराठी कुटुंबे आहेत. गेल्या उन्हाळ्यात आजी तिच्याकडे गेली आणि तिचे पोट बिघडले. दवाखान्यात परिचारिकेने हिंदीत विचारले, "क्या तकलीफ है?" आजी म्हणाली, "जुलाब." मराठीत जुलाब म्हणजे पातळ शौचास होणे, हिंदीत जुलाब म्हणजे रेचक! "जुलाब लिया है?" आजीने मान डोलावली. मावशी वेळेवर आली म्हणून कागदावरची चूक दुरुस्त झाली.

दोष कोणाचाच नव्हता. कानडी आजीबाईंचे 'होट्टे नोवु' आपल्याला कळले नाही, तर कळले नाही एवढे तरी कळते. जवळच्या भाषा मात्र फसवतात.

मग उपाय काय? उत्तर सुचवणारे प्रश्न टाळावेत, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात सांगितले. झोप चांगली लागली का, असे न विचारता किती तास व केव्हा लागली ते विचारावे. तसेच "दिवसातून किती वेळा? पातळ की घट्ट?" असे विचारले असते, तर शब्द आड आला नसता. ऐकलेले रुग्णाला परत सांगून खात्री करावी. चालीरीतीही विचाराव्यात. एकादशीला "काही खाल्ले नाही" म्हणणाऱ्या बाईने साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असू शकते. मधुमेहात ते ठाऊक असलेच पाहिजे.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी जाणतो, की रोजकीर्दीत नोंद चुकली की ती चूक खतावणीतही उतरते. तिथे आकडा खोडता येतो. पोटात गेलेले औषध खोडता येत नाही.