चाप, सीना, मान, नळी: कुठलं मटण कसं शिजवावं?

भंडाऱ्यात रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे गर्दी असते, आणि त्यातली बहुतेक गिऱ्हाइकं एकच वाक्य बोलतात: ‘भाऊ, एक किलो देजा, चांगलं पाहून.’ खाटीक थोडी मांडी, थोडा सीना, दोन चापा, एखादी नळी असं मिसळून काट्यावर टाकतो. घरी ते सगळं एकाच कुकरात जातं, चार-पाच शिट्ट्या होतात. जेवताना एकाच्या ताटात मऊसूत फोड येते, तर दुसऱ्याचे दात दुखतात. मग बोकडच जून होता, असं म्हणून विषय संपतो. माझ्या मते बोकडावर हा बहुतेक वेळा अन्याय असतो. एका जनावराच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळा वेळ लागतो. आपण सगळ्यांना एकाच मापाने मोजतो.

ज्या देशांत स्टेक खातात, तिथे गिऱ्हाईक आधी भाग सांगतं आणि मग तो किती भाजायचा ते सांगतं. तिथलं जनावर मोठं असतं. पाठीच्या कण्याखालून जाणारा टेंडरलॉइन नावाचा लांब स्नायू फारसं काम करत नाही, म्हणून तो मऊ असतो. आतून साधारण पंचावन्न अंशांपर्यंत तापवून गुलाबी ठेवला तरी तो सहज चावता येतो. छातीचा आणि पायांचा भाग मात्र तिथेही कुणी असा भाजत नाही. तो तासन् तास शिजवतात. महाराष्ट्रात १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्यातली दुरुस्ती २०१५ मध्ये लागू झाली आणि गायीबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे इथल्या हॉटेलांत स्टेक मिळालाच तर तो बहुधा म्हशीचा असतो. आपल्या जिल्ह्यात रविवारचं मांस म्हणजे बोकडाचं. जनावर लहान असलं तरी नियम तोच. जो स्नायू जास्त राबतो तो चिवट असतो, आणि जो पाठीला टेकून आरामात असतो तो मऊ.

चिवटपणा येतो कुठून, ते एकदा समजून घेतलं की निम्मा स्वयंपाक सोपा होतो. मांसात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे स्नायूंचे तंतू आणि दुसरी म्हणजे त्यांना बांधून ठेवणारं कोलॅजेन. आतलं तापमान साठ अंशांच्या पुढे गेलं की तंतू आकसतात आणि त्यांच्यातला रस बाहेर पडतो. कोलॅजेनची घाई मात्र चालत नाही. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे, ओल्या उष्णतेत, पुरेसा वेळ मिळाला की ते विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. रश्श्याला जो ओठांना चिकटणारा दाटपणा येतो, तो याच जिलेटिनचा. म्हणजे राबणाऱ्या भागाचं मटण सर्वांत चिवट लागतं ते कच्चं असताना नाही, तर अर्ध्या वाटेवर असताना. तंतू आकसून झालेले असतात आणि कोलॅजेन अजून सुटलेलं नसतं. पाऊण तासाने झाकण उघडून ‘हे काही शिजत नाही’ म्हणणाऱ्यांनी आणखी पाऊण तास दम धरावा.

चाप म्हणजे पाठीच्या कण्याला धरून असलेल्या बरगड्या. बोकडाला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात. त्यातल्या पुढच्या काही फऱ्याखाली, म्हणजे खांद्याखाली जातात. वीस किलोच्या जिवंत बोकडापासून साधारण निम्मंच मटण हाती येतं. त्यात खऱ्या अर्थाने चाप म्हणावी असा वाटा थोडाच, म्हणून हवी असेल तर आधी सांगून ठेवावी लागते. स्टेकच्या सर्वांत जवळ जाणारा आपल्याकडचा भाग हाच. याला रश्श्यात टाकणं मला पटत नाही. अद्रक-लसूण, हळद, मीठ आणि कच्च्या पपईचा चमचाभर कीस लावून अर्धा-पाऊण तास ठेवावी. पपईतलं पपेन मांस मऊ करतं, पण जास्त वेळ राहिलं तर त्याचा लगदा होतो. मग लोखंडी तवा चांगला तापवून दोन्ही बाजू लालसर होऊ द्याव्यात आणि झाकण ठेवून मंद आचेवर आतून शिजू द्यावी.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बोकड कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठरतात आणि थंडीत ठेवलं तर एक-दोन दिवसांत पुन्हा सैल होतात. सकाळी आणलेली चाप दुपारी तव्यावर टाकली आणि रबर झाली, तर कारण बहुधा हेच. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी करावी. तास-दीड तास उकळणाऱ्या भागांना याचा फारसा फरक पडत नाही.

मांडी दिसायला सर्वांत देखणी. हाड कमी, मांस भरपूर, म्हणून लोक तीच मागतात. पण तिच्यात चरबी कमी असते आणि जास्त शिजली की ती कोरडी पडते. मांडीचा खिमा उत्तम होतो, सुकं मटणही चांगलं होतं. रश्श्यासाठी मात्र मी सीना आणि मान मागेन. सीन्यात मांस आणि चरबीचे थर एकावर एक असतात, कडेची हाडं कुरकुरीत असतात, आणि तर्री येते ती याच चरबीमुळे. मानेला हाडं फार, म्हणून ती पुष्कळदा मागे राहते. बोकड दिवसभर मान खालीवर करत चरतो. त्यामुळे मानेत कोलॅजेन भरपूर असतं आणि चवही तितकीच खोल. दीड-दोन तास मंद आचेवर ठेवलेल्या मानेच्या रश्श्यासमोर मांडीचा रस्सा पाणचट लागतो. नळीचंही तेच. तिच्यातली मज्जा ओढून खाण्यासाठी घरात भांडणं होतात, म्हणून चार माणसं असतील तर चार नळ्या घ्याव्यात.

कलेजी या सगळ्यांच्या उलट. तिच्यात कोलॅजेन नावालाच, त्यामुळे वेळ देऊन काही मिळत नाही, उलट ती कडक होत जाते. तेलात लसूण तडतडला की कलेजी टाकावी. आतला लालसरपणा जाईपर्यंत, पाच-सात मिनिटं, परतून लगेच उतरवावी. कलेजी मटणाबरोबर कुकरात घालणं म्हणजे ती वाया घालवणं.

आपल्या भागाला हे सगळं शिकवायला बाहेरचं कुणी नको. पवनी, मोहाडी, आंधळगाव ही हातमागाची गावं. ज्या हलबा-कोष्टी विणकर समाजाच्या स्वयंपाकातून सावजी मटण आलं, तो समाज इथेही पिढ्यान् पिढ्या आहे. माग मंदावले तशी नागपुरात त्यांच्यातल्या अनेकांनी खानावळी काढल्या आणि सावजीचं नाव झालं. तिखट एवढीच त्याची ओळख सांगतात, ती अपुरी आहे. जुन्या सावजी खानावळींत खूर, मुंडी, भेजा, सुंदरी, वजडी अशी वेगवेगळी भाजी मागता येते. प्रत्येक भाग वेगळा शिजवायचा, हे शहाणपण खानावळीच्या पाटीवरच लिहिलेलं असतं. भाजलेलं खोबरं, खसखस, धने, दगडफूल यांचा मसाला आणि जुन्या पद्धतीत जवसाचं तेल ही सावजीची दुसरी ओळख. खूर रात्री मंद आचेवर ठेवला तर सकाळी त्याचा रस्सा थंड होताच थिजतो, इतकं जिलेटिन त्यात उतरलेलं असतं.

कुकरला माझा विरोध नाही. पूर्ण दाबाला आत सुमारे एकशे वीस अंश तापमान असतं, म्हणून कोलॅजेन लवकर सुटतं. पण आत काय चाललंय ते दिसत नाही आणि एक शिट्टी जास्त झाली तर परत फिरता येत नाही. वेळ असेल तेव्हा गंजच बरा. मटण मसाल्यात, मिठासह, पाणी न घालता परतायचं. गंजावर खोलगट ताट ठेवून त्यात पाणी ओतायचं. खाली मटण स्वतःच्या सुटलेल्या पाण्यात शिजतं आणि वरचं पाणी गरम होत राहतं. आतलं पाणी आटत आलं की ताटातलंच गरम पाणी थोडं थोडं आत सोडायचं. थंड पाणी ओतलं की उकळी मोडते आणि ती पुन्हा येईपर्यंत वेळ जातो. मांस हाडाच्या टोकापासून मागे सरकलं आणि फोड दोन बोटांत दाबल्यावर सुटली, म्हणजे झालं. त्यानंतर सांभार घालून झाकून दहा मिनिटं ठेवावं.

पोळ्याची कर असो की भाऊबीजेनंतर गावोगाव भरणारी मंडई, झाडीपट्टीत पाहुण्यांना मटण-भात लागतोच. मंडईच्या रात्री दंडार पाहायला जायचं असतं, म्हणून स्वयंपाक उरकण्याची घाई होते. त्या दिवशी दहा माणसांसाठी दोन किलो घ्यायचं असेल तर खाटकाला असं सांगावं: एक किलो सीना, अर्धा किलो मान, अर्धा किलो नळ्या. कलेजी वेगळ्या पिशवीत. मान आणि नळ्या दुपारी चारलाच चुलीवर चढवाव्यात, सीना तासाभराने त्यात सोडावा. कलेजी मात्र चिन्नोरचा भात उतरल्यावर, पाहुणे हात धूत असताना परतावी.