एक प्रिंटर अडला तर दुसरा

महिनाअखेरीस पगारपत्रके छापण्याच्या वेळीच कार्यालयातील नेटवर्क प्रिंटर नेमका बंद पडतो. त्यावर विंडोजमधील ‘प्रिंटर पूलिंग’ हा बिनखर्चाचा उपाय आहे. अर्थात दुसरा प्रिंटर हाताशी असेल तर. प्रिंटरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘पोर्ट्स’ विभागात ही सोय सुरू करून दोन्ही यंत्रांचे पोर्ट निवडावेत. यंत्रे मात्र एकाच ड्रायव्हरवर चालणारी हवीत. पहिले अडले की पुढची कामे आपोआप दुसऱ्याकडे वळतात. कागद कोठून निघेल हे आधी कळत नसल्याने दोन्ही यंत्रे शेजारीशेजारी असावीत. खरी मेख अडकलेल्या कामाची. ते तेथेच खोळंबते. ते रद्द न करता पुन्हा छापले, तर दुरुस्तीनंतर जुनी प्रतही निघते आणि कुणाचे तरी पगारपत्रक ट्रेमध्ये उघडे पडून राहते.