बोयीला काठावरचा माणूस दिसतो कसा?

काश्मीरच्या आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा आहे. तो मूळचा इथला नव्हे. इंग्रजांनी आणून सोडलेला. पिसांची खोटी माशी करून ती लांब दोरीने पाण्यावर अलगद टेकवायची, अशी त्याला पकडण्याची रीत. काठावर झुडपे दाटलेली असली, तर भल्याभल्यांची दोरी मागच्या फांदीत अडकते.

महाराष्ट्रात ट्राउट नाही. त्याला गार पाणी लागते, कारण गार पाण्यात ऑक्सिजन अधिक विरघळतो. 10 अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात तो सुमारे 11 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. पण झुडपांतल्या मासेमारीची कसोटी पाहायची, तर फार दूर जायला नको. बोरिवलीहून होडीने गोराईची खाडी ओलांडा. दोन्ही काठांना तिवरांची दाटी, चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली त्यांची श्वसनमुळे आणि मधून आत शिरणारे चिंचोळे ओहोळ. तिथे बोय मिळते, निवटी मिळते, नशीब असेल तर जिताडाही.

जिताडा शिकारी मासा. तो गळाला लागतो. बोय मात्र चिखलावरचे शेवाळ आणि गाळ चाटून जगते. तिला आमिषाचे फारसे अप्रूप नाही. तिच्यासाठी पाग, म्हणजे फेकायचे गोल जाळे लागते आणि पाग टाकायला तिच्या जवळ जावे लागते. खरी अडचण इथेच आहे.

बोय पाण्याखालून वर पाहते तेव्हा तिला काय दिसते? पाण्याचा वक्रीभवनांक 1.33. त्यावरून क्रांतिक कोन सुमारे 48.8 अंश येतो (वहीत करून पाहा). म्हणजे बाहेरचे सारे आकाश, झाडे आणि माणसे तिला डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसतात. बोय अर्धा मीटर खोल असेल, तर या खिडकीची त्रिज्या सुमारे 57 सेंटिमीटर. खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग म्हणजे नुसता आरसा. त्यात तिला तळाचा चिखलच दिसतो. काचेचा पाण्याने भरलेला पेला डोळ्यांच्या वर धरून खालून तिरपे पाहा, तो चंदेरी आरसा तुम्हालाही दिसेल.

आता गंमत पाहा. क्षितिजापासून 10 अंश उंचीपर्यंतचा सगळा देखावा त्या खिडकीच्या कडेला एका अंशाहूनही कमी जागेत चेपला जातो. शिवाय इतक्या तिरप्या प्रकाशातला सुमारे एकतृतीयांश भाग पाण्यावरूनच परत फिरतो. म्हणून 160 सेंटिमीटर उंचीचा माणूस उभा असेल, तर त्याला सुमारे 9 मीटर दूर राहावे लागेल. वाकून उंची निम्मी केली, तर साडेचार मीटर पुरतील. वाकून चालणे ही नुसती सवय नव्हे, ती त्रिकोणमिती आहे!

अर्थात खाडीचे पाणी गढूळ. तिथे डोळ्यांपेक्षा माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा अधिक उपयोगी. तिने पाण्याची बारीकशी हालचालही कळते. हवेतला आवाज पाण्यात शिरताना त्याच्या ऊर्जेचा हजारातला एखादाच भाग आत जातो, म्हणून काठावर हळू बोललात तरी बिघडत नाही. पाय मात्र आपटू नका. चिखलातून गेलेला धक्का थेट पाण्यात पोचतो.

पागेच्या कडेला शिशाचे मणी असतात. कमरेला झोका देऊन जाळे सोडले, की प्रत्येक मणी आपल्या सरळ रेषेत जाऊ पाहतो, दोरे त्याला धरून ठेवतात आणि या ओढाताणीत जाळे थाळीसारखे उघडते. फिरकी कमी पडली तर ते केळफुलासारखे मिटूनच पडते. तिवरांच्या फांद्यांखाली झोक्याला जागाच नसते. मग उपाय एकच: आत शिरायचे नाही, ओहोळाच्या तोंडाशी थांबायचे. भरतीला मासे तिवरांच्या मुळांत चरायला जातात, ओहोटीला त्यांना बाहेर यावेच लागते.

त्या मुळांत माशांची पिल्लेही वाढतात. 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडण्यावर बंदी घातली, ते बरे झाले. पण झाड उभे राहिले म्हणून पाणी चांगले राहिले असे होत नाही. सांडपाणी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाते आणि उष्ण खाऱ्या पाण्यात तो आधीच कमी, हे वर पाहिलेच. माझ्या मते खाडीवर पोट असणाऱ्यांना आज झुडपांपेक्षा हीच अडचण मोठी आहे.

ओहोटी केव्हा लागेल हे कसे ओळखायचे? किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहा वाजता भरती, मग ओहोटी. आता पौर्णिमा घ्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, पण मुंबईत त्या दिवशी भरती येते बाराच्या सुमारास. मधला पाऊण तास कुठे गेला? अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत भरती बरोबर 12 तासांनी सरकते, एवढे धरा आणि पाऊणऐवजी कोणता अपूर्णांक घ्यावा ते काढा.