परदेशी निघालेल्या लेकाला आधी पीतज्वराची लस

गेल्या चैत्रातली गोष्ट. आमच्या भागातील एक ऊस बागायतदार आप्पा भल्या सकाळी दारात उभे राहिले. थोरल्या मुलाने शेतकीची पदविका घेऊन इथल्या साखर कारखान्याच्या शेती खात्यात दोन हंगाम काढले होते. त्याला आता आफ्रिकेतील युगांडा देशात, उसाच्या मळ्यावर नोकरी मिळाली होती. आप्पांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, पण तोंडावर काळजी होती.

"साहेब, नऊ दिसांनी विमान हाय. एजंट म्हणतो, कसलीशी सुई टोचल्याचं पिवळं कारड लागतंय. म्हणतो, मुंबईचा हेलपाटा नको अन् सुईबी नको, पैसं द्या, कारड घरपोच देतो. देऊ का?"

मी म्हणालो, "आप्पा, बैलाच्या कानात नुसता बिल्ला मारला आणि लाळ-खुरकुताची लस टोचलीच नाही, तर साथ बिल्ला बघून माघारी जाईल का?"

आप्पा गप्प झाले. आज आपल्या गावांतील पुष्कळ मुले आफ्रिकेत कामासाठी जातात. म्हणून त्यांना जे सांगितले, तेच सर्व शेतकरी बंधू-भगिनींसाठी येथे देत आहे.

हा रोग कोणता?

पीतज्वर हा विषाणूचा रोग आहे. आफ्रिकेतील आणि दक्षिण अमेरिकेतील उष्ण प्रदेशांत तो आढळतो. डास चावल्यावर तीन ते सहा दिवसांत ताप, अंगदुखी, डोकेदुखी आणि उलट्या सुरू होतात. बरेच रोगी त्यातून बरे होतात. काहींचा ताप मात्र उलटतो, कावीळ होते, रक्तस्राव होतो. असा आजार बळावलेल्यांपैकी सुमारे निम्मे आठ-दहा दिवसांत दगावतात. त्यावर नेमके औषध नाही. लस मात्र खात्रीची आहे.

हा रोग डासामुळे पसरतो, असे क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी 1881 साली सांगितले, पण तेव्हा कोणी मानले नाही. 1900 साली वॉल्टर रीड यांच्या पथकाने ते सिद्ध केले. 1937 साली मॅक्स थायलर यांनी लस तयार केली. त्याबद्दल त्यांना 1951 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही त्याच वाणाची लस टोचतात.

आपले सरकार एवढे कडक का?

भारतात पीतज्वर नाही. पण तो पसरवणारा डास आपल्या घरोघरी आहे. डेंग्यू पसरवतो तोच हा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा एडिस डास. म्हणजे रान वाळलेले आहे, फक्त ठिणगी पडायची आहे. ही ठिणगी येऊ नये म्हणून रोगाच्या देशातून येणाऱ्याकडे, मग तो आपलाच माणूस का असेना, लसीचा दाखला मागतात. दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात.

ही भीती पोकळ नाही. 2016 साली अंगोला देशात मोठी साथ होती. तेथून चीनला परतलेल्या 11 जणांना हा रोग झालेला आढळला. आशिया खंडात पीतज्वराचे रोगी सापडण्याची ती पहिलीच वेळ. तेथे साथ पसरली नाही, हे नशीब.

युगांडासारखे काही देश तर हा दाखला असल्याशिवाय आतच घेत नाहीत.

लस कुठे आणि केव्हा?

ही लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या ठराविक केंद्रांतच ती टोचतात. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांकडे ती सोय आहे. कुपी एकदा फोडली की काही तासांतच संपवावी लागते. म्हणून आधी वार आणि वेळ ठरवून, मूळ पासपोर्ट बरोबर घेऊन जावे.

लस टोचल्यापासून दहा दिवसांनी दाखला लागू होतो. पूर्वी तो दहा वर्षेच चाले. जुलै 2016 पासून तो जन्मभर चालतो. म्हणून ते कार्ड जमिनीच्या कागदासारखे जपावे. त्यावरील नाव, पासपोर्ट क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का तेथेच तपासून घ्यावा.

ही जिवंत विषाणूची लस असून ती कोंबडीच्या अंड्यात वाढवतात. अंड्याची जबर ॲलर्जी असणारे, रोगप्रतिकारशक्ती खालावलेले, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि साठीपुढील माणसे यांनी आधी डॉक्टरांना सांगावे. नऊ महिन्यांखालील बाळाला ती सहसा देत नाहीत. जिला किंवा ज्याला लस चालत नाही, त्याने डॉक्टरांचा तसा दाखला घ्यावा.

आणखी एक गोष्ट. ही लस हिवतापावर चालत नाही. आफ्रिकेत हिवताप फार आहे. मच्छरदाणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांना पर्याय नाही. परत आल्यावर ताप आला, तर आपण कोणत्या देशातून आलो ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावे. हजला जाणाऱ्यांसाठी मेंदूज्वराची लस सक्तीची आहे, तीही वेळेत घ्यावी.

घरी राहणाऱ्यांचे काम

रांजण, हौद, टिपाडे आठवड्यातून एक दिवस रिकामी करून आतून घासावीत. या डासाची अंडी कडेला चिकटून महिनोन् महिने कोरडी टिकतात. नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. जुने टायर आणि फुटकी मडकी उघड्यावर ठेवू नयेत. डेंग्यू टळेल तो वेगळाच.

आप्पांचे काय झाले?

नऊ दिवसांत दहा दिवसांचा हिशेब बसणार नव्हता. "तारीख फुडं गेली अन् नोकरी हातची गेली तर? कारभारणीच्या पाटल्या गहाण टाकल्यात साहेब," आप्पा म्हणाले. खरे तर त्यांचा धीर सुटला होता. मुलाने त्याच दिवशी मालकांना खरे ते कळवले. दोन दिवसांनी उत्तर आले: तीन आठवड्यांनी या, पण लस टोचूनच या. तिकीट बदलण्याचा भुर्दंड बसला, नोकरी राहिली. लस टोचल्यावर दुसऱ्या दिवशी थोडी कणकण आली, तेवढेच.

परवा आप्पा भेटले. पाटल्या सोडवून आणल्या म्हणाले. तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. परदेशी जाणाऱ्याने तिकिटाची तारीख ठरवण्याआधी लसीची तारीख ठरवावी.