चहाचे झाड आणि अंगातले रक्त

बाजाराच्या दिवशी आपल्या देवगाव रंगारीत पाण्यापेक्षा चहाच जास्त खपत असावा. पण ज्या झाडाची ही पाने, ते आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. त्याचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. थंड हवेच्या ठिकाणी बागेत गुलाबासारख्या फुलांचा कॅमेलिया लावतात, त्याचेच हे भावंड. चहालाही फूल येते. पांढरे, मधे पिवळे केसर. परंतु कोवळ्या पानांसाठी मळ्यात झुडूप सतत छाटतात, म्हणून ते फारसे दिसत नाही. मोकळे सोडले तर त्याचे चांगले झाड होते. आपल्या काळ्या जमिनीत मात्र ते जगणे कठीण, त्याला आम्ल माती आणि भरपूर पाऊस हवा. हल्लीचा ग्रीन टी याच पानांचा. गवती चहा हे निराळेच गवत आहे.

असो. डॉक्टर म्हणून मला या पानांतल्या टॅनिनविषयी सांगायचे आहे. चहाचा तुरटपणा याचाच. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतल्या लोहाला हे द्रव्य आतड्यात धरून ठेवते आणि ते लोह रक्तात न जाता शौचावाटे निघून जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण निम्म्याहूनही कमी होऊ शकते. दूध घातले म्हणून हा दोष जात नाही.

मागे एक गरोदर बाई तपासायला आली. पाचवा महिना, हिमोग्लोबिन 8.2. पापणी आतून पांढरीफटक.

"गोळ्या घेतेस ना गं, बाई?"

"रोज घेते की, डॉक्टरसाहेब. एकबी चुकवली नाही. सकाळच्या चहासंगं घेते."

सोबतच्या सासूबाईंनीही मान हलवली. खोटे कोणीच बोलत नव्हते. गोळी तीच ठेवली, फक्त वेळ बदलली. रात्री जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. महिन्याने हिमोग्लोबिन 9.4 भरले.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. गरोदरपणी सरकारी दवाखान्यात 180 दिवस रोज एक लोहाची गोळी फुकट मिळते. ती चहाबरोबर गिळली तर तिचा बराचसा भाग वाया जातो. दुधाबरोबर किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नये. मळमळ होत असेल तर जेवणानंतर लगेच घ्या, पण बंद करू नका. शौचास काळे होते, त्याला घाबरू नये.

चहा सोडा असे मी म्हणत नाही. मलाही दोन कप लागतात! जेवणाआधी आणि नंतर एक तास तेवढा टाळावा; राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये हेच सांगितले आहे. जेवताना लिंबू पिळा, पेरू-आवळा खा. त्यांतल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगले शोषले जाते. बशीत ओतून निववून पिणाऱ्यांना कोणी हसू नये, कारण 65 अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारणीभूत होत असावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2016 मध्ये म्हटले आहे.

लहान मुलांचे काय? सकाळी चहात पोळी बुडवून मूल गप्प बसवण्याची चाल घरोघरी आहे. त्याने भूक मरते आणि पोळीतले लोहही अंगी लागत नाही. त्याऐवजी तीच पोळी वरणात कुस्करून, वर लिंबू पिळून द्या.