फुकटचं तिकीट आणि दुसऱ्याची बॅग

आज आपण विमानाच्या तिकिटाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, मासवणच्या बाईला विमानाचं काय? सूर्या नदीवरनं जाताना दिसतात, तेवढीच ओळख. पण आता तसं राहिलेलं नाही. बोईसर-तारापूरच्या कारखान्यात हात बसलेला मुलगा वेल्डर म्हणून दुबईला किंवा कतारला जातो, मागून सून जाते. कुणाची मुलगी नर्सिंग शिकून तिकडे नोकरीला लागते. मग तिच्या बाळंतपणाला आईला बोलावणं येतं, आणि पहिला प्रश्न तिकिटाचा. पीक विकून, गटाचं कर्ज काढून तिकीट घ्यायचं म्हणजे जिवावर येतं.

अशा वेळी कुणीतरी सांगतं, "ताई, कुरिअर म्हणून जा ना. तिकीट अर्ध्या किमतीत, कधी कधी फुकट. फक्त एक बॅग न्यायची, तिकडे माणूस येऊन घेऊन जाईल." असं खरंच असतं का? तर एके काळी असायचं. ती गोष्ट आधी सांगते, म्हणजे आजची फसवणूक कुठे आहे ते कळेल.

आपण पालघरहून मुंबईला भावाकडे सुकटीची पिशवी पाठवायची तर काय करतो? ओळखीचं कुणी डहाणू लोकलने निघालं असेल तर त्याच्या हाती देतो. पार्सल ऑफिसची खटपट नको. मोठ्या कंपन्यांनीही नेमकं हेच केलं. १९६९ साली अमेरिकेत डाल्सी, हिलब्लॉम आणि लिन या तिघांनी डीएचएल नावाची कंपनी काढली. सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजं माल घेऊन हवाई बेटांवर होनोलुलूला जायची. माल उतरवायला कागद लागत आणि ते टपालाने वेळेवर पोचत नसत, त्यामुळे जहाज बंदरात ताटकळायचं. या लोकांनी कागद विमानाने माणसाच्या हाती पाठवायला सुरुवात केली. जहाज पोचायच्या आत कागद तिथे हजर.

पुढे काम वाढलं तशी रोज जाणारी माणसं कमी पडायला लागली. मग युक्ती निघाली. ज्याला फिरायला जायचं आहे त्याला तिकीट द्यायचं, आणि त्याचा सामान नेण्याचा हक्क कंपनीने वापरायचा. कारण विमानात मालाच्या खात्यातून गेलेलं पार्सल कस्टममध्ये दिवसेंदिवस पडून राहायचं, पण प्रवाशाबरोबरची बॅग त्याच दिवशी बाहेर यायची. प्रवाशाने फक्त हातातली पिशवी न्यायची. कंपनीचा माणूस विमानतळावर येऊन कागदांचा लिफाफा द्यायचा, उतरल्यावर दुसरा माणूस तो घ्यायचा. विद्यार्थी, निवृत्त मंडळी अशी स्वस्तात जग फिरून आली. व्यवहार उघड होता, कंपनीचं नाव होतं, बॅगेत काय आहे याची यादी कागदावर होती.

मग हे संपलं का? एक तर फॅक्स आला, नंतर ई-मेल आली, आणि कागद माणसाने न्यायची गरजच उरली नाही. दुसरं, सरकारांनी कुरिअर कंपन्यांच्या मालासाठी कस्टमची वेगळी, जलद वाट करून दिली. आपल्याकडेही १९९८ साली त्याचे नियम आले. माल आपला आपण जातो म्हटल्यावर प्रवाशाला तिकीट कोण देणार?

तिसरी गोष्ट सुरक्षेची. २३ जून १९८५ ला एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोटाने फुटलं, ३२९ माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता तिचा मालक विमानात चढलाच नव्हता. त्यानंतर बॅग आणि तिचा प्रवासी एकाच विमानात हवेत, हा नियम जगभर कडक झाला. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ज्याला आपली बॅग गुपचूप पलीकडे पोचवायची आहे, त्याला तिच्या सोबत बसणारं एक माणूस लागतं. बॅगेचा कागद त्या माणसाच्या नावाने फाटतो. फुकटचं तिकीट त्या नावासाठी दिलेलं असतं.

आजही काही कंपन्या माणसाच्या हाती माल पाठवतात. कुठे कारखाना एका सुट्या भागासाठी बंद पडला, तर तो भाग घेऊन माणूस रातोरात विमानाने जातो. पण तो त्या कामातला, व्हिसा तयार असलेला, बिल आणि कस्टमचे कागद खिशात असलेला माणूस असतो. अशी कंपनी आपल्या पाड्यावरच्या बाईला मोबाईलवर निरोप पाठवून बॅग न्यायला सांगत नाही.

आता दोन खऱ्या घटना ऐका. दोन्ही मुंबईच्या आहेत आणि वर्तमानपत्रांत सविस्तर आल्या होत्या. नावं घेत नाही, त्या माणसांनी पुष्कळ सोसलं आहे.

२०१९ च्या जुलैत एक नवरा-बायको कतारला दोह्याला गेले. सहल नवऱ्याच्या आत्याने भेट दिलेली, तिकीट-हॉटेल सगळं तिचं. निघताना तिने एक पाकीट दिलं, तंबाखू आहे, तिकडच्या ओळखीच्यांना द्यायची म्हणून. दोह्याच्या विमानतळावर सामानात चार किलोच्या वर चरस निघाली. दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा आणि प्रत्येकी तीन लाख रियाल दंड झाला. बायको तेव्हा गरोदर होती. मुलगी २०२० च्या फेब्रुवारीत तुरुंगातच जन्मली. इकडे घरच्यांनी हार मानली नाही. मुंबईत राहिलेल्या फोनमध्ये आत्याबरोबरचं बोलणं रेकॉर्ड झालेलं होतं, ते त्यांनी अमली पदार्थ नियंत्रण विभागाला दिलं. इथे तपास झाला, तो कतारच्या कोर्टापर्यंत नेला, आणि २९ मार्च २०२१ ला दोघं निर्दोष सुटले. पावणेदोन वर्षं गेली. आणि फसवणारी परकी नव्हती, सख्खी आत्या होती.

दुसरी घटना २०२३ च्या एप्रिलची. मुंबईच्या एका तरुण अभिनेत्रीला वेब सिरीजच्या ऑडिशनचं आमिष दाखवून शारजाला पाठवलं. निघताना हातात एक ट्रॉफी दिली, ऑडिशनमध्ये लागेल म्हणून. ट्रॉफीच्या आत अमली पदार्थ. तिला जवळजवळ चार आठवडे तिथल्या तुरुंगात काढावे लागले. मुंबई पोलिसांच्या तपासात निघालं की तिच्या आईवरचा राग काढायला कुणीतरी हे रचलं होतं, कारण म्हणे कुत्र्यावरून झालेलं भांडण. पोलिसांनी दोघांना अटक केली.

या दोन्ही ठिकाणी फसलेली माणसं शिकलेली होती, मुंबईत वाढलेली होती. तेव्हा "मी अडाणी म्हणून मला फसवतील, माझी शिकलेली मुलगी फसणार नाही" असं कुणी मनात धरू नका.

"मला माहीतच नव्हतं" हे सांगून सुटका होत नाही का? फार अवघड. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात, वस्तू तुमच्या ताब्यात सापडली की ती तुम्हाला माहीत होती असं कोर्ट धरून चालतं. माहीत नव्हती हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. एक किलो किंवा जास्त चरस असेल तर शिक्षा कमीत कमी दहा वर्षं, वर लाखाचा दंड, आणि जामीन सहजासहजी नाही. आखाती देशांत कायदा याहून सैल नाही, आणि तिथे भाषाही आपली नाही. सोन्याचंही तसंच. येताना "एवढी साखळी गळ्यात घालून या, बाहेर आमचा माणूस घेईल" म्हणणारे असतात. पेपरात अशा नेणाऱ्यांना 'कॅरियर' म्हणतात. पकडला जातो तो कॅरियर. सोनं ज्याचं, तो गाडीत बसून निघून गेलेला असतो.

आता आपल्या घरातली गोष्ट. कुणीही वाईट नसताना अडकायला होतं. गावातली एक दुबईला निघाली की दहा घरचे डबे तिच्याकडे येतात. मुलासाठी मसाला, जावयासाठी अनारसे, गुडघ्याच्या गोळ्या. आपल्या बऱ्याच मसाल्यांत खसखस असते, अनारशावर तर असतेच. ती अफूच्या बोंडातली, म्हणून संयुक्त अरब अमिरातीत म्हणजे दुबई-शारजाला, सौदीत आणि सिंगापूरला खसखशीला बंदी आहे. इथे किराणा दुकानात मिळणारी वस्तू तिथे अमली पदार्थात मोजली जाते. तेव्हा मसाला करणाऱ्या गटांनी तिकडे जाणारा मसाला बिनखसखशीचा करावा आणि पाकिटावर तसं लिहावं. खोकल्याची काही औषधं आणि जोरदार वेदनाशामक गोळ्या यांवरही तिकडे निर्बंध आहेत. औषध न्यायचंच तर स्वतःचंच, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, मूळ पाकिटात, आणि परवानगी लागते का ते आधी विचारून.

दुसऱ्याचं काही न्यायची वेळ आलीच तर देणाऱ्यासमोर उघडायचं, रिकामं करायचं आणि आपल्या हाताने पुन्हा भरायचं. शिवलेलं, चिकटवलेलं, आतून पोकळ असलेलं काही घ्यायचं नाही. फोटोची फ्रेम, ट्रॉफी, जाड तळव्याची चप्पल, अस्तर असलेली नवीकोरी बॅग, सगळं त्यात आलं. "उघडायला लावता म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?" असं म्हटलं तर म्हणू द्या. मी तर म्हणेन, जो चिडतो त्याचं मुळीच नेऊ नका. विमानतळावर रांगेत कुणी गयावया करील, माझं वजन जास्त झालंय, दोन किलो तुमच्यात टाका. त्यालाही नाही म्हणायचं. विमानतळावर विचारतात, बॅग तुम्हीच भरली का, कुणी काही दिलंय का. घाईत मान डोलावू नका. मनात शंका आली तर बॅग काउंटरवर देण्याआधीच तिथल्या सीआयएसएफच्या जवानाला किंवा कस्टमच्या अधिकाऱ्याला सांगा. बॅग एकदा आत गेली की ती तुमची.

तिकीट स्वस्तात हवं ते रास्तच आहे. ईद, दिवाळी आणि शाळांच्या सुट्या टाळून, दीड-दोन महिने आधी, आठवड्याच्या मधल्या वारी पाहिलं तर बहुधा फरक पडतो. दर बघताना बॅगेचं वजन धरलंय का तेही बघा. एजंटाने तिकीट दिलं की त्यावरचा पीएनआर नंबर विमान कंपनीच्या साइटवर टाकून खात्री करा. आणि नुसता खाऊच पाठवायचा असेल तर माणूस कशाला? पालघरच्या पोस्टात परदेशी स्पीड पोस्ट होते का ते विचारा. आत काय आहे त्याचा फॉर्म भरून द्यायचा असतो. तुमचा गट परदेशी विक्री करणार असेल तर टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्राची चौकशी करा.

आता पेन घ्या. कुणी बॅग न्यायची गळ घालत असेल तर अमली पदार्थविरोधी हेल्पलाइन १९३३, नाहीतर पोलिसांचा ११२. परदेशी नोकरीची किंवा तिथे अडकलेल्यांची चौकशी करायला प्रवासी भारतीय सहायता केंद्र, १८०० ११ ३०९०, फोन फुकट आहे. तिकडे कुणाला पकडलं तर भारतीय दूतावासाला कळवा अशी मागणी करायचा तिला हक्क आहे, समजत नसलेल्या कागदावर सही करायची नाही. आणि घरच्यांनी तिच्या फोनमधले निरोप, कॉल, तिकिटाच्या पावत्या, काहीही पुसायचं नाही. दोह्याच्या त्या दोघांना अशाच एका फोनने सोडवलं.